सासू-सासऱ्यांना मारामारी शिकवली तेव्हा

लग्न होऊन मी नागपूरहून झाशीला आले तेव्हा सामानात माझा जुना व्हिडिओ गेमही होता. मारामारीचे गेम मी आणि माझा भाऊ शाळेपासून खेळायचो. खंडेराव गेटजवळच्या सासरच्या घरात तो बाहेर काढायचा मला संकोच वाटे. शेवटी एका रविवारी नवऱ्यानेच तो टीव्हीला जोडला, माझ्याकडून लागोपाठ हरला आणि समोसे आणायला निघून गेला.

मागे खुर्चीत सासरे बसले होते. कचेरीत टायपिस्ट होते, नुकतेच निवृत्त झालेले. माझ्याशी फार बोलत नसत.

"मला शिकवशील का?" ते म्हणाले.

मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं टाइपरायटरवर चालावीत तशी धडाधड चालली. पडद्यावरचा त्यांचा पहिलवान नुसता उड्या मारत राहिला आणि मार खाऊन आडवा झाला.

"बाबा, बाकीची बटणं सोडा. आधी फक्त मागे दाबून धरा. तसं धरलं की आपला माणूस वार अडवतो."

"मागे? झाशीत राहून?"

"पळायचं नाहीये. समोरचा काय करतो ते थांबून बघायचं."

मी मुद्दाम एकच लाथ पुन्हा पुन्हा मारत राहिले. आधी त्यांनी सगळ्या खाल्ल्या. मग एक अडवली, मग दुसरी. चेहरा खुलत गेला. पण उलटा वार करायचं त्यांना सुचेना.

सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तिची लाथ अडवली की ती क्षणभर तशीच उभी राहते. तेव्हा द्या की एक ठोसा."

मी थक्क झाले. हा धडा मी पुढच्या रविवारी देणार होते.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"बघतेय ना मी. यांचं सगळं ध्यान बटणांवर."

सासऱ्यांनी पुढची लाथ अडवली आणि ठोसा दिला. तो बरोबर लागला. मग मी दोघांनाही उभं केलं आणि अंतर समजावलं: समोरच्याचा हात पोचू नये इतकं लांब राहायचं, पण एक पाऊल टाकलं की आपला पोचावा. दोघं दिवाणखान्यात मुठी वळून समोरासमोर उभे राहिले. सासूबाईंनी पाऊल टाकलं आणि सासऱ्यांच्या छातीवर हलकीच थाप मारली. तेवढ्यात नवरा समोसे घेऊन दारात आला.

"काय झालं? भांडलात की काय?"

"रुक जरा," सासरे त्याच्याकडे न बघता म्हणाले. "अंतर बघतोय."

समोसे थंड होत राहिले. त्या दोघांचा पहिला सामना सासूबाईंनी जिंकला. सासऱ्यांनी कंट्रोलर खाली ठेवलाच नाही.

"पुन्हा," ते म्हणाले, आणि सासूबाई पदर खोचून मांडी ठोकून बसल्या.