बाण लावलेलं पान

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से जास्त साठतात, असं मला वाटतं. बाकीचे बोलत असतात तेव्हा आपण बघत असतो, दुसरं काय? लिंबायत भागात साड्यांच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. शाळा सुटली की मी तिथे जाते. म्हणजे अजून तरी जाते. कारण आबांनी, माझ्या वडिलांनी, सांगून ठेवलंय, "दिवाळीना आगोदर एक डाव ईसन देखस, काय शिकनी ते. मंग ठरावसूत, धाडनं का नही." त्या दिवशी त्यांना जे दिसेल त्यावर माझा क्लास चालू राहणार की बंद होणार. तोवर तिथलं सगळं बघून घ्यावं, म्हणून मी डोळे उघडे ठेवून बसते.

*

बाणांचं वेड आधी संगीताला लागलं. ती माझ्या शेजारी बसते. हितेशसर नेटवर टाकायचं पान कसं बनवतात ते शिकवत होते. एक छोटा कोड टाइप केला की पडद्यावर बाण उमटतो, एवढंच दाखवून ते चहाला खाली गेले. परत येऊन बघतात तर संगीताच्या नावाला उजवीकडून बाण, डावीकडून बाण, वर बाण, खाली बाण.

सरांनी बोटाने एकेक बाण मोजला. मग म्हणाले, "संगीताबेन, ये नाम है कि स्टेशन के बाहर का चौराहा?"

*

दुसऱ्या दिवशी तेच पान आम्ही कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडलं. सगळ्या बाणांच्या जागी रिकामे चौकोन! संगीताने ओढणीने काच पुसली. चौकोन तिथेच. जोरात पुसली. मग सरांना हाक मारली, "सर, याने माझे बाण खाल्ले."

"खाया नहीं. उसको बाण आता ही नहीं," सर म्हणाले. "पुराना है बेचारा."

माझ्या मात्र घरी जाईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. पान तेच, कोड तोच. मग बाण नेमका राहतो कुठे? लिहिणाऱ्याकडे, की बघणाऱ्याकडे?

*

संगीताचा मामेभाऊ जळगावला इंजिनिअरिंगला आहे. त्याला तिने दिवाळीचा ईमेल पाठवला, अर्थातच प्रत्येक ओळीच्या शेवटी बाण लावून. तिकडे पोहोचेपर्यंत बाणांची प्रश्नचिन्हं झाली. दिवाळीच्या शुभेच्छा? घरी सगळे मजेत? आई मजेत?

संध्याकाळी त्याचा खालच्या एसटीडी बूथवर फोन. संगीता धावत गेली. तो विचारत होता, "आत्याला काय झालंय ते सरळ सांग. मी रात्रीच्या गाडीने निघतो."

*

खालचे साडीवाले शेठ एकदा वर आले. त्यांनाही नेटवर दुकानाचं पान हवं होतं. सरांनी बनवून दिलं आणि नावाच्या आधी छान उजवीकडे जाणारा बाण टाकला. शेठ नाराज. "बाण डाबी बाजू करो. मेरी दुकान लेफ्ट में है."

"शेठ, नेट पर तो कोई दिल्ली से देखेगा, कोई मुंबई से."

"देखे ना. पण आएगा तो इसी रोड से ने?" शेठनी खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बोट दाखवलं.

सरांनी बाण फिरवला.

*

बाण आमच्या घरात आधीपासूनच होता. आबा पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, माल तपासतात. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जातं, आणि जिथे डाग किंवा तुटका धागा दिसेल तिथे काठावर ते छोटा लाल कागदी बाण चिकटवतात. बाण लागलेला तागा वेगळा काढतात आणि दुरुस्तीला पाठवतात.

ही सवय घरीही सुटत नाही. पोळी करपली की आबा ती उजेडात धरून म्हणतात, "अठे बाण लावना पडी."

आई मान वर न करता म्हणते, "लावा. मंग उपाशी निजा."

*

आबा क्लास बघायला आले ते ड्यूटीवरून थेट. केसांत अजून कापडाचे तंतू होते. मी त्यांच्यासाठी पान बनवून ठेवलं होतं: त्यांचं नाव, आईचं नाव, आमचं गाव, माझी शाळा. साधंच होतं. पण ते यायच्या थोडं आधी संगीता म्हणाली, "इतकं कोरडं पान बघून ते तुला उद्यापासून घरी बसवतील. सरक." आणि तिने प्रत्येक ओळीला बाण लावले. उठून दिसावेत म्हणून लाल.

आबा खुर्चीत बसले नाहीत. वाकून, पडद्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, सावकाश बघत गेले. प्रत्येक बाणापाशी थांबले. स्वतःच्या नावापाशी जास्त थांबले.

"सर, ये सब इसका?"

"हाँ हाँ, सब इसी का है," सर खुशीत म्हणाले.

"इतने?"

"बहुत मेहनत की है लड़की ने."

आबांनी मान हलवली. ते सरांच्या जवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, हमारे इधर बाण लगा तो माल फेकते नहीं. सुधारने को भेजते. रहने दो इसको और एक साल."

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संगीताने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

क्लासमध्ये मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"एक वरीसमा नही व्हवाव, आबा. दोन लागतीन."