भोरमधली भारत शाखा

संस्था काढायची म्हटलं की आधी जागा लागते, मग शिक्का, मग माणसं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, तेव्हापासून किस्से मात्र होते! अजूनही आम्ही जुने पाचजण चहाला जमलो की एखादा नवा निघतोच.

आमची संस्था इंटरनेटवरची. कुणीही झाडाचा फोटो टाकायचा आणि जगाच्या पाठीवरच्या कुणीतरी ते ओळखून द्यायचं. सगळं हौसेचं काम. मी भोरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि फोटो चढवायला बाजारपेठेतल्या सलीमभाईंच्या सायबर कॅफेत जायचे. माझं बघून त्यांनाही नाद लागला आणि बघता बघता ते माझ्या पुढे गेले. एक दिवस म्हणाले, "बाई, एवढ्या देशांच्या शाखा हायेत. भारताचीच न्हाई. आपन काढू की!"

भारताची शाखा, आणि ती भोरला! मला हसू फुटलं. सलीमभाईंनी मात्र पेंटरकडून 'भारत शाखा' अशी पाटी रंगवून आणली. मान्यता येईपर्यंत लावायची नाही, म्हणून फडक्यात गुंडाळून दारामागे ठेवली.

*

मुख्य कार्यालय परदेशात. त्यांनी ऑनलाइन बैठकीला गुरुवार ठरवला. आता गुरुवारी आमच्याकडे लाइट नसते, हे शेंबडं पोरही सांगेल. सलीमभाईंनी इंग्रजीत कळवलं, "गुरुवारी आमच्या गावात दिवे नसतात."

उत्तर आलं, "आपल्या धार्मिक परंपरेचा आम्हाला आदर आहे. बैठक शुक्रवारी दुपारी घेऊ."

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "शुक्रवारी दुपारी माझी नमाज! आता परत कुठल्या तोंडानं सांगू?"

*

मंडळींची पहिली भेट कापूरहोळच्या एका ढाब्यावर ठरली. तोवर सगळे एकमेकांना टोपणनावानंच ओळखायचे. त्यात 'रानगवा' आणि 'पिंपळपान' या दोघांचं वर्षभर हाडवैर. एकाच फोटोवरून! एक म्हणे तो पांढरा कुडा, दुसरा म्हणे काळा. 'तुला झाडातलं काय कळतं?' इथपर्यंत मजल गेलेली.

रानगवा निघाले भोंगवलीचे बबनराव. तेवढ्यात पानशेतहून पिंपळपान आले. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. बबनरावांची लेक यांच्याच घरात दिलेली!

"व्याही, तुमी?"

"आन् तुमी?"

तेव्हापासून भांडण चालूच आहे, पण भाषा बघा: "व्याहीबुवांचं म्हणणं शिरसावंद्य. पण तो काळा कुडाच."

*

संस्थापक सभासद एक कमी पडत होता, म्हणून ढाब्याच्या मालकांनाच धरलं. त्यांचं नाव हणमंतराव. "मला झाडातलं काय कळतंय? मी गिऱ्हाइकं वळखतो," म्हणाले. पण सभासद झाल्यावर आपलंही काही योगदान हवं, म्हणून त्यांनी फोटो टाकला. परतलेल्या मेथीच्या भाजीचा!

परदेशातल्या एका तज्ज्ञांनी मनापासून बघून लिहिलं, "नमुना फार जुना दिसतो. कृपया ताजा पाठवा."

हणमंतराव भडकले. "सकाळचीच हाय म्हनावं!"

*

आणि मग अध्यक्षाची निवडणूक. अध्यक्ष कोण, हा प्रश्नच नव्हता. सलीमभाई! आम्ही अभिमानानं मेल केला: 'बिनविरोध निवड.' आमच्याकडे बिनविरोध म्हणजे केवढी शान!

मुख्य कार्यालयाला ती शान काही कळली नाही. 'एकच उमेदवार ही निवडणूक नव्हे. दोघांत मतदान घ्या, नाहीतर मान्यता नाही.' सलीमभाईंचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. ती पाटी दोन पावसाळे दारामागेच होती.

"बाई, तुमी नावाला उभ्या ऱ्हावा," सगळे म्हणाले. राहिले.

ढाब्यावर स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. हणमंतराव एकेक उघडून वाचायला लागले. "बाई." सगळे हसले. "बाई." थोडे हसले. "बाई." आता कुणीच हसेना. शेवटी मी निवडून आले आणि सलीमभाईंना एकच मत पडलं!

बबनराव खाली मान घालून म्हणाले, "म्हटलं, बाईंना एकबी मत न्हाई पडलं तर बरं दिसंल का? माझ्या एकट्याच्या मतानं काय व्हतंय!"

"मी बी त्येच म्हटलं," व्याही म्हणाले.

"मी बी," हणमंतराव म्हणाले.

"आनि मी बी!" सलीमभाई म्हणाले.

सलीमभाईंना पडलेलं ते एक मत माझं होतं. मला रडूच आलं. ज्या माणसानं शाखेसाठी जिवाचं रान केलं, त्यालाच आम्ही पाडलं. 'परत मतदान घ्या' म्हणून मी हटून बसले, पण सलीमभाईंनी निकाल कळवूनही टाकला.

मान्यतेचा मेल आला त्या दिवशी मी कॅफेत गेले, तर सलीमभाई स्टुलावर चढून पाटी ठोकत होते. मला बघून पुन्हा भरून आलं. त्यांनी तोंडातला खिळा काढला.

"रडताय काय, बाई? तुमचं त्ये एक मत नसतं, तर पुन्ना बिनविरोधच झालं असतं की!"