सुटू दे, मग चिरते

काल ग्रहण होतं आणि साठी उलटलेली माझी आई मांडीवर हात ठेवून भिंतीशी बसून होती. असं बसणं गरोदर बायांचं. ग्रहणात त्यांनी काही चिरलं तर पोटातल्या लेकराला बाधतं, म्हणतात. शेजारीण हसली, "काय ओ मावशी, या वयात कुणासाठी पाळताय?" माझा भाऊ पोटात असताना आईनं ग्रहणात कांदा चिरला होता.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती मी गुणसूत्रं शिकून मिळवली. कांद्याच्या पेशीत त्यांच्या आठ जोड्या असतात, माणसाच्या पेशीत तेवीस. खायच्या केळीत तर प्रत्येक गुणसूत्र तीन-तीन असतं आणि तिला कुणी नावं ठेवत नाही. माझ्या भावाच्या एकाच जोडीत तिसरं येऊन बसलंय, म्हणून तो चाळिशीतही लहान राहिला. त्यात विळीचा काही दोष नाही, हे मी आईला चित्र काढून समजावलं, मोठ्या ऐटीत. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "मग ते तिसरं आलं कुठनं? माझ्याकडनंच ना?"

बहुतेकदा आईकडूनच येतं, आणि त्यात तिची चूक नसते. मी दोन्ही सांगितलं. तिनं पहिलंच ऐकलं.

काल भाऊ काकडी घेऊन तिच्यापुढं उभा राहिला. "आई, चिर."

"सुटू दे बाळा, मग चिरते."

काकडी मांडीत ठेवून तोही तिच्या शेजारी बसला, तिच्यासारखेच हात आवरून.