ज्याचं त्याच्या तोंडून

आमच्या ऑफिसात साहेबाशी कोण बोलणार हे ज्येष्ठतेवरून ठरत नसे, हिंदीवरून ठरत असे. पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख मध्य प्रदेशात, त्यामुळे सरकार हिंदीत चालतं आणि माणसं घरून मराठी घेऊन येतात. आमच्यातल्या बहुतेकांना साहेबापुढे हिंदी बोलताना घाम फुटतो. माझे वडील रेल्वेत होते, माझं बालपण इटारसीला गेलं, म्हणून माझी हिंदी साफ. तेवढ्या एका गुणावर मी सगळ्या ऑफिसचं तोंड झाले होते.

बडे बाबू, म्हणजे आमचे मुख्य लिपिक, नेहमी म्हणत, "मॅडम, तुम्हीच बोला. आम्ही मांगं आहोत न." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता कुणी माझ्या मागे उभं राहिलं की मला आधी भिंत आहे का ते बघावंसं वाटतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत नदीपलीकडच्या सावरगावच्या लोकांवर बिनदिक्कत गोटे फेकणारी ही माणसं. साहेबाच्या केबिनचा पडदा हलला की त्यांचे हात आपोआप नमस्कारासाठी जोडले जात.

कोणतं खातं ते सांगत नाही. शेतीवर कोणाचं नाव चढवायचं, कोणाचं उतरवायचं, हे काम आमच्याकडे येतं एवढं पुरे.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा नवे साहेब आले. तरुण, हसतमुख, कुणालाही 'आप' म्हणणारे. त्यांनी दर सोमवारी 'खुला संवाद' नावाची बैठक सुरू केली. कर्मचाऱ्यांनी मोकळेपणी बोलावं, कामात सचोटी कशी आणता येईल ते सुचवावं, चांगली सूचना लगेच अमलात येईल, असं ते म्हणाले. बैठकीचे फोटो काढायला एकाला नेमलं आणि ते फोटो त्याच संध्याकाळी वरच्या साहेबांना मोबाइलवर जाऊ लागले. मी या सगळ्याला हसले नाही. खरं सांगते, मला आनंद झाला होता. इतकी वर्षं नोकरी केल्यावर कुणी आपल्याला 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं, यात मला केवढं तरी वाटलं.

सोमवारच्या आधी चहाच्या टपरीवर आमची वेगळी बैठक होई. तिथे सगळे बोलत. कुणाला पंखा हवा होता, कुणाला बायकांसाठी वेगळी मोरी, कुणाला लोकांसाठी पाण्याचा माठ. आणि सोमवारी ते सगळं माझ्या तोंडून बाहेर पडे. पंखा आला, माठ आला, मोरीला कडी लागली. साहेब म्हणाले, "मैडम के पास विचारों का खज़ाना है." बडे बाबूंनी टाळ्या वाजवल्या. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं जात होतं, आणि मला तिथली हवा आवडली हेही खरं.

मग मी माझी स्वतःची एक सूचना मांडली.

आमच्याकडे 'नवी साडी' असा एक शब्द आहे. कुठल्याही कायद्यात तो सापडणार नाही. बाप वारला की जमिनीवर मुलांची नावं लागतात, मुलींचीही लागायला हवीत. मग भाऊ बहिणीला ऑफिसात घेऊन येतो, तिला वाटा नको असं बयाण, म्हणजे जबाब, द्यायला. त्या बदल्यात तिला नवी साडी मिळते आणि ती तीच नेसून येते. अंगावर घड्यांच्या रेघा तशाच असतात, काठ ताठ उभा असतो. दाराशी बाई दिसली की शिपाई आत सांगतो, "नवी साडी आली." बाईला कुणी काही विचारत नाही. भाऊ केबिनमध्ये पडद्याआड बोलतो, आमचा माणूस लिहितो, बाई तोंडाला पदर लावून मान हलवते आणि अंगठा देते. रीतच तशी. वाटा मागितला की माहेर तुटतं, हे सगळ्या बायकांना लहानपणापासून माहीत असतं.

माझी सूचना साधी होती. बयाण पडद्याआड घ्यायचं नाही, व्हरांड्यात सगळ्यांसमोर घ्यायचं. आणि ज्याचं बयाण असेल त्यानंच बोलायचं, आपल्या घरच्या बोलीत. भावानं नाही, नवऱ्यानं नाही. ज्याचं त्याच्या तोंडून.

साहेबांना सूचना फार आवडली. "यही तो पारदर्शिता है," ते म्हणाले, आणि बयाण विचारायचं काम माझ्याकडेच दिलं. व्हरांड्यात टेबल लागलं, मागे कापडी फलक लागला. काही आठवडे बरे गेले. बऱ्याच बायका तिथेही नको वाटा असंच म्हणाल्या, पण स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या. एक दोघींनी 'घरी विचारून येतो' म्हटलं आणि पुन्हा आल्या नाहीत. भाऊ लोक माझ्याकडे रागानं बघत. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट बरं वाटायचं.

अशात बोरगावच्या बाजूची एक म्हातारी आली. हिरवी साडी, घड्यांच्या रेघा अंगावर. सोबत धाकटा भाऊ. हा भाऊ म्हणजे त्या भागातला वजनदार माणूस, साहेब लोक त्याच्या बगिच्यात संत्री खायला जातात असा. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "लिहा मॅडम, बहिणीले काही नको."

मी म्हटलं, "मावशीच सांगतील." आणि तिला विचारलं, "मावशी, बापाच्या बगिच्यातला तुमचा वाटा भावाला द्यायचा आहे का?"

तिनं पदर तोंडावरून काढला. भावाकडे पाहिलं, मग व्हरांड्यातल्या लोकांकडे पाहिलं. आणि म्हणाली, "नाही."

भाऊ हसला. "बाई, तुले समजलं नाही."

"समजलं मले," ती म्हणाली. "मले नाही द्याचं. ते झाडं मी जगवले हाये. कुंकू गेल्यावर मी बापापाशीच होती. डोक्यावर पाणी आणू आणू कलमं जगवले. बाप गेला अन् यानं मले सावरगावले पोरीच्या घरी नेऊन सोडलं. जावयाच्या दारात मरू का मी? मले एक तुकडा पाह्यजे. बाकी त्याचं तो घेऊन घे."

फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. तो रोजच काढायचा, त्याला काय चाललं आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी तिचे शब्द होते तसे लिहून घेतले आणि बयाण संपलं. भाऊ खुर्ची मागे सारून उठला. जाताना तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला, आणि बराच वेळ पडद्यामागून हसण्याचा आवाज येत राहिला.

त्या संध्याकाळी घरी सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये मी खुशीत होते. मला वाटलं, नोकरीत एक तरी काम झालं.

पुढच्या सोमवारी खुल्या संवादात साहेब नेहमीसारखेच हसतमुख होते. ते म्हणाले, "खुलापन अच्छी बात है, लेकिन परिवारों में झगड़ा लगाना हमारा काम नहीं है." मग त्यांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "यह व्हरांडे वाला सुझाव आप सबका था?"

मी बडे बाबूंकडे पाहिलं. सूचना माझीच होती, ते मला नाकारायचं नव्हतं. पण टपरीवर मी ती आधी सगळ्यांना सांगितली होती, आणि सगळे म्हणाले होते, चांगली आहे, बोला, आम्ही मांगं आहोत. तेवढंच त्यांनी म्हणायचं होतं. सगळे मूग गिळून बसले. शेवटी बडे बाबू उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या बैठकीत हिंदी बोलले. "सर, बोलती तो मैडम ही हैं. हम तो सुनते हैं."

आणि गंमत बघा, त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पंखा मी मागितला होता, माठ मी मागितला होता, मोरीची कडी मी मागितली होती. मीच बायकांसाठी 'ज्याचं त्याच्या तोंडून' म्हणत होते, आणि इकडे सगळं ऑफिस माझ्या तोंडून बोलत होतं. त्या पडद्याआडच्या भावांहून ही माणसं काही वेगळी नव्हती. भाऊ निदान साडी तरी देत होते.

साडीही मिळाली. माझी बदली झाली, सौंसरच्या ऑफिसात, आलेले कागद घ्यायचे आणि जाणारे पाठवायचे या कामावर. साहेब म्हणाले, "आपके घर के पास है, आपकी सुविधा के लिए किया." हे ते इतकं गोड बोलले की तक्रार करायला तोंडच उरलं नाही. ऑफिसात जो तो येऊन म्हणे, नशीब काढलं मॅडम, बसचे धक्के वाचले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून मला साडी दिली. जांभळी, काठ ताठ. बडे बाबू म्हणाले, "नाराज होऊ नका बाप्पा. आमचे लेकरंबाळं हाये." माझं रक्त उकळत होतं. मी साडी घेतली आणि आभार मानले, हिंदीत, कारण साहेब समोर होते.

ती साडी मी अजून नेसलेली नाही.

व्हरांड्यातलं टेबल माझ्यामागे आठवडाभरही टिकलं नाही. बयाणं पुन्हा केबिनमध्ये, पडद्याआड गेली. सौंसरला मी शिक्के मारत बसले. काम सोपं होतं, दुपारी घरी जाऊन जेवता येई, आणि मी रोज आतल्या आत जळत होते. त्या म्हातारीचं काय झालं असेल, हे विचारायला फोन उचलायचे आणि ठेवायचे. विचारणार कोणाला?

मग एकदा पांढुर्ण्याहून बोलावणं आलं. सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी नैतिकतेचं प्रशिक्षण होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पण जावंच लागतं, हजेरी असते.

ऑफिसच्या दारातच मी थबकले. आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर मोठा फोटो लावला होता, काचेच्या चौकटीत. व्हरांड्यातलं टेबल, मी पाठमोरी, आणि समोर ती हिरव्या साडीतली म्हातारी. पदर तोंडावरून खाली आलेला, हात उगारलेला, तोंड उघडं. तिच्या चेहऱ्यावर असा काही जोर होता की कुणाचीही नजर तिथे जावी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'खुला संवाद. बेझिझक कहिए अपनी बात.' साहेबांना या उपक्रमाबद्दल वरून शाबासकी मिळाली होती, ते नंतर प्रशिक्षणात कळलं.

फोटोखालच्या बाकावर ती स्वतः बसली होती. साडी तीच, पण आता घड्या मोडलेल्या, काठ मऊ पडलेला. दुसऱ्यांदा यायला नवी कशाला लागते? भाऊ आत केबिनमध्ये होता.

तिनं मला ओळखलं. मी शेजारी बसले. "मावशी, काय झालं?"

"देऊन टाकलं बाई," ती म्हणाली. अंगठ्याची शाई ती पदराला पुसत होती. "भाचीचं लगन झालं. मले बोलावलं नाही. गावातल्या कुत्र्यामांजराले जेवू घातलं, मले बोलावलं नाही. दिवाळी गेली, कोणी न्यायले आलं नाही. पोरगी म्हणे, आई, तुह्यापायी माह्यंही माहेर तुटलं. मंग काय करू? तुकडा घेऊन कोणासंगं बोलू त्याच्यावर?"

इतक्या जणांच्या वतीनं बोललेली मी, आणि तिच्यासाठी मला एक शब्द सापडेना. आपण हिला व्हरांड्यात बोलायला लावलं आणि मग सौंसरला निघून गेलो, असं वाटलं. मी गेले नव्हते, मला घालवलं होतं. पण तिला त्यानं काय फरक पडतो?

तिनं मान वर करून फोटो पाहिला. "हे मीच आहो न?"

"हो, तुम्हीच."

"मी तं तवा नाही म्हणून राहिली होती न?"

"हो मावशी. नाहीच म्हणत होता."

"खाली काय लिहेल हाये?"

मी मराठीत सांगितलं, "इथे कोणी यावं आणि न भिता आपलं म्हणणं सांगावं, असं लिहिलं आहे."

केबिनमधून भावानं हाक मारली तशी ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. जाताना पुन्हा एकदा भिंतीकडे बघितलं.

"सांगतलं तं होतं," ती म्हणाली, आणि भावाच्या मागे चालू लागली.

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला, हजेरी सुरू झाली होती. मी हॉलमध्ये जाऊन बसले. साहेब हसून म्हणाले की आज सगळ्यांनी मोकळेपणी बोलायचं आहे, आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.