अँटेनाचा खांब

मुकुंदवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकूंना बिनतारी संदेशांच्या रेडिओचा छंद. कॉम्प्युटरला मोडेम जोडून त्या रेडिओवरून फर्दापूरच्या मैत्रिणीशी लिहून बोलायच्या. "मोडेमचे मोड दोन," मला बजावायच्या. "एकात तो हुकूम घेतो, दुसऱ्यात आपलं लिहिलेलं पुढं धाडतो. गल्लत केली की निरोप अडतो." दुष्काळात तिकडचा टॉवर बिघडून फोन बंद पडले, तेव्हा टँकरचे निरोप असेच यायचे.

त्यातच आमच्या इमारतीच्या गच्चीवर नवा मजला चढवायला निघालेल्या बिल्डरनं काकूंच्या अँटेनाचा खांब काढायला माणसं पाठवली. काकू खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मावशी, शेठचा हुकूम हाय."

"हुकूम मोडेमला द्या. मी नाय ऐकत."

माणसं उतरली, पण जिन्यातच थांबली. मी काकूंसाठी खुर्ची वर नेली.

"एकच आणली?" त्या म्हणाल्या. "तुझीपण आण."