नाल्याच्या तोंडच्या तिसऱ्या

पोलिसात आयुष्य गेलं, शेकडो आरोपी पाहिले. पण नाशिकच्या कोठडीतली ती तरुण बाई अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी नवा फौजदार होतो, आणि नव्या फौजदाराला प्रत्येक मरणात खून दिसतो.

सकाळची हजेरी चालू असताना एक गृहस्थ चौकीत आला. त्याच्या शेजारचा छापखान्यातला कामगार उलट्या-जुलाबांनी एका दिवसात गेला होता, त्याची म्हातारी आई अंथरुणात होती आणि बायको मात्र ठणठणीत होती. घरात उंदरांसाठी आणलेला सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आहे, एवढं सांगून तो थांबला. सोमलाची आणि पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लक्षणं सारखीच दिसतात, आणि शहरात तेव्हा पटकी नव्हती. मला तेवढं पुरलं.

पंचनाम्यात फडताळात सोमलाची पुडी सापडली. हे कुटुंब मूळचं किनाऱ्यावरचं. सासूनं जबाब दिला की, सुनेच्या आईनं आगगाडीनं ओल्या गोणपाटातून तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, आणून दिले होते; सुनेनं ते रांधून दोघांना वाढले आणि स्वतः सोमवारच्या उपासामुळे शिवलीही नाही. मी तिला तिथल्या तिथे अटक केली. नवऱ्याचं तोंडही शेवटचं नीट पाहू दिलं नाही.

चार दिवस मी आडवेतिडवे प्रश्न केले. सोमल कधी मिसळला हे काढून घ्यायचं म्हणून शेवटी विचारलं, तिसऱ्या केल्यास कशा? तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"वाफेवर ठेवायच्या. तोंडं उघडली की लगेच उतरवायच्या, नायतर चामट होतात. आईनं शिकवलंय. ह्यांना तशाच आवडायच्या."

बाई पक्की आहे, असं मनात म्हणत मी ते लिहून घेतलं.

मुंबईहून व्हिसेऱ्याचा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल आला. सोमलाचा अंशही नव्हता. मी कुरकुरत सरकारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचा जबाब दोनदा वाचला. शिंपल्यातला जीव सतत पाणी ओढतो, घाण पाण्यातले रोगजंतू त्याच्या पोटात साठतात, आणि तोंड उघडलं म्हणजे आतले जंतू मेले असं नव्हे, हे त्यांनी मला समजावलं. तिसऱ्या कुठून वेचल्या ते शोधा, म्हणाले.

मी तिच्या माहेरी गेलो. मुलगी सुटेल या आशेनं आई भरभरून बोलली. गावात पटकीनं माणसं गेली होती, गावचा नाला खाडीत उतरत होता. "साहेब, नाल्याच्या तोंडाशी मोठ्या मिळतात. जावयाला मोठ्या आवडायच्या, म्हणून तिथवर गेले." मी जबाबावर तिचा अंगठा घेतला. हे कशाला विचारलंत, असं तिनं विचारल्यावर, त्या तिसऱ्यांतूनच जावयाला पटकी झाली, हे सरळ सांगून टाकलं. ती ओट्यावर बसली ती मी निघेपर्यंत उठली नाही.

नाशकात परतून मुलीला सोडलं, तेव्हा तिलाही कारण सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत. पण आईला हे कळू देऊ नका, साहेब."

मी हो म्हणालो.

नोकरीत खोटं पुष्कळ ऐकलं, पण मी बोललेलं हे एक खोटं अजून टोचतं. खरं शोधायला मला खात्यानं शिकवलं होतं. ते कुणाच्या दारात जाऊन बोलावं आणि कुठे गिळावं, हे मी तिच्या आईच्या जिवावर शिकलो.