परतीची बॅटरी

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होतो. शटर अर्धंच वर गेलं होतं. त्यांची मुलगी संघमित्रा म्हणाली, "काका, बाबा गेले." तीनच दिवसांपूर्वी मी त्यांना दवाखान्यात भेटून आलो होतो. धाप लागत होती, तरी पहिला प्रश्न स्वतःबद्दलचा नव्हता. "जाधव, यादगिरी परतीची बॅटरी मधेच वापरत तर नाही ना?" मी म्हणालो, "नाही सर." "मग ठीक," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले... याला आता दीड महिना झाला. यादगिरी कोण आणि परतीची बॅटरी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय मला साळवे सरांबद्दल काही सांगताच येणार नाही.

चिक्कडपल्लीत माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. वडील परभणीकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला आले आणि त्यांनी जन्मभर स्कूटर नि ट्रकच्या बॅटऱ्या विकल्या. दुकान माझ्या हाती आलं तोवर बाजार खुला झाला होता. घरोघर रंगीत टीव्ही आले, वीज मात्र पूर्वीसारखीच जात राहिली, म्हणून मग इन्व्हर्टर आले. कंपन्यांचे टाय लावलेले विक्रेते येऊन आम्हा दुकानदारांना शिकवून जायचे, की गिऱ्हाइकाला फार विचारत बसू नका, सगळ्यात मोठी दाखवा. मला ते शिक्षण फार पटलं होतं. अशातच एका संध्याकाळी साळवे सर स्कूटरची बॅटरी घ्यायला आले. विद्यानगरच्या बाजूला एका कॉलेजात ते पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. लोक सर म्हणत, आणि ते दर वेळी दुरुस्त करत, "सर नाही हो, मी मीटर पुसणारा." त्या दिवशी त्यांनी बॅटरीवरचा कागद चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, "ही क्षमता किती तासांत रिकामी करून मोजलीय?" मी म्हणालो, "लिहिलंय ना त्यावर!" "आकडा लिहिलाय. तास कुठं लिहिलेत?" मला असा राग आला म्हणता! माणूस बॅटरी घ्यायला आलाय की परीक्षा घ्यायला? शेवटी मी दाखवली त्यापेक्षा लहान बॅटरी घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की माझ्या दुकानात येऊन बसायला लागले.

बसायची जागा ठरलेली, काउंटरच्या डाव्या अंगाचं लाकडी स्टूल. त्यांचं मूळ गाव आमच्या गावापासून सात कोसांवर. तिकडे माझ्या आजोबांच्या ओसरीवर त्यांच्या वडिलांना कुणी बसू दिलं नसतं, हे आम्ही दोघंही जाणून होतो. इतक्या वर्षांत ते एकदाच म्हणाले, "जाधव, स्टूल चांगलंय तुमचं. उंच आहे." मी चहा मागवला. चहा आला, आणि आम्ही ट्रान्झिस्टरच्या सेलबद्दल बोलायला लागलो.

यादगिरी आला तेव्हा सर योगायोगानं कॉलेजच्या परीक्षेत अडकलेले होते. तो शहराबाहेरच्या एका तलावावर मासे धरणारा. पायरीवरून पडून त्याचा उजवा खांदा निकामी झाला होता, वल्हं मारता येत नव्हतं. त्या तलावावर मच्छीमारांचा असा नियम होता, की जो स्वतः नाव घेऊन जाळं टाकत नाही त्याचा वाटा दुसऱ्याला जातो. पंचांनी त्याला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. दुबईत असलेल्या भावानं नावेच्या मागे लावायची, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आणून दिली होती, पण बॅटरी केवढी लागेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं ना ठाऊक! मी ट्रकची मोठी बॅटरी काढून दिली आणि म्हणालो, "ले जाओ, फिकर नक्को." त्यानं हात जोडले, मीही मोठ्या रुबाबात मान हलवली.

महिन्याभरानं तो परत आला. या वेळी सर स्टुलावर होते. "सेठ, बीच तालाब में मोटर चुप हो गई," यादगिरी म्हणाला. "हवा सामने से थी, हाथ चलता नै." वाऱ्यानं नाव पलीकडच्या लव्हाळ्यात नेऊन अडकवली आणि तो दुपारपर्यंत तिथंच बसून राहिला. सरांनी विचारलं, "आवाज नै दिये किसी को?" "दिया साब. कौन सुनता?" तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसतं विचारत होता, की दसऱ्याला तीन आठवडे आहेत, आता काय करू? सर शांतपणे म्हणाले, "ट्रकची बॅटरी पैलवान असते जाधव. एकदा जोर लावून इंजिन फिरवते आणि बसते. तिला तासन्‌तास थोडंथोडं द्यायला लावलं की ती मरते. पण नुसतं हे कळून भागत नाही. पाण्यावर जाऊन बघावं लागेल."

रविवारी सकाळी आम्ही तिथं गेलो. सरांकडे कॉलेजनं भंगारात काढलेला आणि त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला एक अँपियर-मीटर होता, लाकडी पेटीतला. मी मोजणीपुरती दुकानातून भरलेली बॅटरी नेली होती, तीही ट्रकचीच. रस्ता संपला तिथपासून पाण्यापर्यंत चिखलाची पायवाट होती. बॅटरी न्यायची कशी म्हणून मी इकडेतिकडे बघतोय, तोवर यादगिरीची बायको लक्ष्मम्मा पुढे आली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि खाली बसली. मी आणि सरांनी मिळून कशीबशी ती बॅटरी तिच्या डोक्यावर चढवली. ती उठली तेव्हा तिचे पाय थरथरलेले मी पाहिले. महिनाभर रोज सकाळी ती घरातून पाण्यापर्यंत आणि दुपारी पाण्यापासून घरापर्यंत मी विकलेलं ते ओझं वाहत होती. तिच्या पदराला जागोजागी बारीक भोकं पडली होती. तेजाबाची भोकं मला सांगावी लागत नाहीत, माझे सगळे जुने शर्ट तसेच आहेत... मला लाज वाटली. अजूनही वाटते.

मी नावेत चढायला लागलो तर सर म्हणाले, "तुम्ही काठावर थांबा. तुमच्या वजनानं आकडे खोटे येतील." मी थांबलो. नाव गेली. मोटरच्या दांड्याला एक ते पाच असे वेग होते. सरांनी प्रत्येक वेगाला मीटर वाचला, जाताना आणि येताना, वारा पाठीशी असताना आणि समोर असताना, आणि सगळं छोट्या वहीत उतरवलं. परत आले ते उन्हानं लाल होऊन, पण खूश. "पाचाचा वेग याला लागतच नाही. दोनवर जातो, तीनवर येतो. तीनच्या पुढे बॅटरी दुप्पट खाते आणि नाव तेवढी पळत नाही." मग त्यांनी वही मिटली आणि लक्ष्मम्माला तेलुगूत विचारलं, की तुम्हाला रोज न कुरकुरता किती वजन नेता येईल? आजवर तिला हे कुणी विचारलं नसावं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मासळीची टोपली भरली, हातानं तोलली, दोन मासे काढून बाजूला टाकले आणि टोपली सरांसमोर ठेवली. "इत्ता."

सरांनी टोपली उचलून पाहिली. मलाही उचलायला लावली. पंधरा किलोच्या आसपास असेल. "झालं," ते म्हणाले. "बॅटरी एवढीच."

मी वाद घातला. एवढ्या वजनात जेमतेम चाळीस अँपियर-तासांची बॅटरी बसते, तीही जाड प्लेटची घेतली तर. आणि ती लवकर मरू नये म्हणून अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही म्हटलं तर जाणं-येणं दोन्ही कसं होणार? "दोन घ्यायच्या," सर म्हणाले. "एक ही नेईल, एक हा डाव्या हातानं." मी म्हणालो, मग दोन्ही एकमेकींना जोडून टाकू, जरा जास्तच चालतील. माझं म्हणणं चूक नव्हतं, हे त्यांनीही मान्य केलं. "चालतील. पण दोन्ही एकदमच मरतील. याला मीटर वाचता येत नाही. अर्धं संपलं हे याला सांगणार कोण?" मग यादगिरीकडे वळून त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं. जाताना पहिली बॅटरी. ती मंदावली की जिथं असशील तिथून वळायचं, समोर मासे उड्या मारत असले तरी. दुसरी फक्त घरी यायला. तिला काठ सोडताना हात लावायचा नाही. कोणती कोणती ते कसं ओळखायचं, असं लक्ष्मम्मानं विचारलं, तेव्हा सरांनी खिशातला लाल रुमाल काढला, दातांनी फाडला आणि परतीच्या बॅटरीला बांधायला एक पट्टी तिच्या हातात दिली.

तेजाब सांडू नये म्हणून दोन प्लॅस्टिकची घमेली मी दिली, एवढंच माझं कर्तृत्व. दसऱ्याच्या आधी पंचांनी काठावर उभं राहून यादगिरीला समोरच्या वाऱ्यात परत येताना पाहिलं आणि त्याचा वाटा त्याच्याकडेच राहिला. ही बातमी सांगायला दोघं नवरा-बायको दुकानात आले तेव्हा सर म्हणाले, "शाबास लक्ष्मम्मा," आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारतो. चालवायचं काय, किती वेळ, आणि उचलणार कोण? टायवाले विक्रेते माझ्यावर नाराज आहेत. असोत बापडे. त्या पहिल्या संध्याकाळी सर आले नसते, तर मी आजही रुबाबात मान हलवत लोकांच्या डोक्यावर ओझी चढवत असतो. त्यांनी मला त्या दिवशी काठावर चार शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते, पण त्यांनी एकही सुनावला नाही, आणि म्हणूनच मी सुधारलो.

सरांच्या अंत्ययात्रेला यादगिरी आला होता. बुद्धवंदना झाली, तिरडी उचलायची वेळ आली, तेव्हा तो पुढे सरसावला. त्याचा खांदा मला ठाऊक होता, म्हणून मी त्याला अडवलं. "सेठ, ये बाजू का खंदा अच्छा है," म्हणाला आणि पलीकडे जाऊन डावा खांदा दिला. सबंध वाट त्यानं तो कुणाला बदलू दिला नाही.

गेल्या आठवड्यात दोघं नवरा-बायको जुनी बॅटरी घेऊन दुकानात आले होते. सहा वर्षांत परतीची बॅटरी एकदा बदलून झाली, ही दुसरी वेळ. मी नवी बॅटरी काढली आणि सोबत नवी कोरी लाल फीतही दिली, कारण ती रुमालाची पट्टी आता विटून जवळजवळ पांढरी झालीय, लांबून दिसतही नाही. लक्ष्मम्मानं फीत काउंटरवर तशीच सरकवून ठेवली. आधी नवी बॅटरी हातानं तोलून पाहिली, मान हलवली. मग ती डाव्या अंगाच्या स्टुलावर ठेवली, जुन्या बॅटरीची गाठ दातांनी सोडवली आणि तीच पट्टी नवीला बांधली.